समुद्रावरची पिशवी आणि माळ्यावरची अडगळ : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

साताऱ्यात समुद्र नाही, पण शिंपल्यांची पिशवी घराघरात आहे. उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर असा प्रवास एकदा झाला की परतताना डिकीत एक पिशवी असतेच. मग ती पिशवी गॅलरीत दोन महिने पडते, वास येतो, कुणीतरी चिडतं आणि घंटागाडीत जाते. आमच्या दोन पिशव्या अशाच गेल्या. तिसरीतून दाराचं तोरण झालं, तेही पहिल्या पावसाळ्यात गळून पडलं. म्हणून हा लेख, शिंपल्यांतून आणि माळ्यावरच्या अडगळीतून घरच्या घरी शोभेच्या वस्तू कशा करायच्या त्याचा.

सगळ्यांना वाटतं की अवघड काम चिकटवण्याचं किंवा डिझाइनचं आहे. तसं नाही. अवघड काम आहे मीठ काढण्याचं. शिंपल्यात, लाकडात, दोरीत मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढतं, मग डिंक सुटतो, रंग फुगतो, लोखंडी तार गंजते. त्यामुळे खाली चौथ्या पायरीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ती वगळून थेट विंडचाइमकडे उडी मारू नका.

१. जायचं कधी

ओहोटीला जायचं, कारण भरतीत पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, निम्मी पाण्याखाली असते. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशोब सोपा आहे. त्या दिवशीची तिथी पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती साधारण पावणेचारला आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, पावणेदहाच्या सुमाराला. प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. हा ढोबळ अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण घरातल्या कॅलेंडरवर तिथी असतेच, त्यामुळे रूम बुक करतानाच बघून ठेवा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि खूप आतही जातं. त्या दिवसांत ओहोटी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला पडते. उजाडताच किनाऱ्यावर जायचं, गर्दी नसते, ऊन नसतं आणि रात्रीच्या भरतीने आणलेली ताजी रांग वाळूवर पडलेली असते. अष्टमीला गेलात तर सकाळी सहाला भरती, शोधायला काहीच नाही. आम्ही एकदा असेच गेलो आणि मुलीने दिवसभर तोंड फुगवलं.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. समुद्र खवळलेला असतो, घाटात धुकं असतं आणि पुळणीवर कचराच जास्त येतो.

२. काय उचलायचं, काय नाही

मी जे उचलते ते असं: तिसऱ्यांचे आणि खुब्यांचे रिकामे शिंपले, फुटके शंख (आतला पीळ फार सुंदर दिसतो, अख्ख्या शंखापेक्षा जास्त), लाटांनी गुळगुळीत केलेले काचेचे तुकडे, वाहून आलेल्या काटक्या, उंडीच्या टणक बिया, सुरूच्या झाडाखाली पडलेली छोटी बोंडं, नारळाची सोडणं, आणि समुद्रफेस. समुद्रफेस म्हणजे माखुलीच्या (कटलफिशच्या) पाठीतलं पांढरं, हलकं, होडीच्या आकाराचं हाड. त्यावर साध्या खिळ्यानेही नक्षी कोरता येते, लहान मुलांना द्यायला उत्तम.

एक गंमत सांगते. बऱ्याच शिंपल्यांना टोकाशी गोल, यंत्राने पाडल्यासारखं भोक असतं. ते एका शिकारी समुद्री गोगलगायीने पाडलेलं असतं, आतलं मांस खायला. आपल्याला काय, आयतं भोक मिळालं, ड्रिल वाचला! असे शिंपले वेगळे ठेवा, ओवायला सोन्यासारखे.

आता जे उचलायचं नाही ते. पोवळी, समुद्रपंखा, समुद्रघोडे, समुद्रकाकडी यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. काही मोठे शंखही त्यात येतात. मेलेला तुकडा सापडला तरी उचलू नका आणि दुकानात विकायला ठेवलेला असला तरी घेऊ नका. पुळणीवर जाळी लावून राखलेली जागा दिसली तर लांबून जा. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. बाटलीत भरून वाळू आणण्याचा मोहही सोडा, ती घरभर होते आणि पुढे वर्षभर फरशीला चरचरते.

शंख उचललात की तळहातावर उलटा धरून थांबा. रिकाम्या शंखात छोटे खेकडे राहायला येतात. दहा-पंधरा मिनिटं उथळ पाण्याच्या डब्यात ठेवला की आत कोणी असेल तर पाय बाहेर काढतं. मी हे न करता एकदा शंख घरी आणले. रात्री स्वयंपाकघरात टकटक आवाज. दिवा लावला तर एक शंख ओट्यावरून चालत निघालेला! इथून समुद्रात परत सोडणं शक्य नव्हतं. त्या जिवाचं पुढे जे झालं ते सांगवत नाही.

सोबत एक पिशवी कचऱ्यासाठीही घ्या. तुटक्या मासेमारी जाळ्यांचे निळे-हिरवे तुकडे मी मुद्दाम गोळा करते. ते समुद्रात राहिले तर कासवं अडकतात, आणि धुतले की विणायला छान लागतात. मात्र हातात घेऊन ओढून बघा. उन्हाने कुजलेला नायलॉन भुग्यासारखा तुटतो, तो कामाचा नाही.

३. घरी आणताना

ओले शिंपले प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नका. घाट चढेपर्यंत गाडीत बसवत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून, कापडी पिशवीत, डिकीत. काच वेगळ्या डब्यात. लाकूड वेगळं, कारण त्यात किडे असतात.

४. मीठ काढणं

बादलीत गोडं पाणी घ्या, शिंपले बुडवा, दिवसातून दोनदा पाणी बदला. तीन दिवस. पहिल्या दिवशी पाणी गढूळ दिसेल, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. एक शिंपला काढून उन्हात खडखडीत वाळवा. वरती पांढुरकी भुकटी उमटली, किंवा बोट फिरवल्यावर कणकण लागली, तर मीठ अजून आहे. आणखी दोन दिवस.

लाकडाला मात्र आठवडा ते पंधरवडा लागतो. काटक्या वर तरंगतात, म्हणून वर वजन ठेवा, मी पाटा ठेवते. आधी लहान तुकड्यांवर उकळतं पाणी ओतून घ्या, आतले किडे मरतात. मग भिजवणं. मग वाळवणं, आणि ते सावलीत, वारा लागेल तिथे. कडक उन्हात घाईने वाळवलं की लाकूड चिरतं. साताऱ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी थंड हवा यासाठी एक नंबर. हे काम दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीनंतर सुरू करा असं मी सगळ्यांना सांगते त्याचं कारण हेच.

बादलीतलं खारं पाणी झाडांना घालू नका. मी पाणी वाया जाऊ नये म्हणून गॅलरीतल्या कुंड्यांना घातलं. आठवड्यात सासूबाईंची तुळस करपली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त रोज सकाळी रिकाम्या कुंडीसमोर थोडा जास्त वेळ उभ्या राहायच्या. पाणी मोरीत ओता.

वास जात नसेल तर आत मांसाचा अंश राहिलाय. जाडजूड शिंपले गार पाण्यात घालून उकळायला ठेवा, पाच मिनिटं उकळू द्या आणि त्याच पाण्यात निवू द्या. गरम शिंपला एकदम गार पाण्यात टाकला की तडकतो. कवड्या आणि चकचकीत शंख उकळू नका, चमक जाते. त्यांना फक्त भिजवणं आणि जुन्या टूथब्रशने घासणं. हिरवट शेवाळ निघत नसेल तर एक वाटी घरगुती ब्लीच चार वाट्या पाण्यात, अर्धा तास, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून. मग पुन्हा दोन दिवस साध्या पाण्यात.

दोन गोष्टी इथेच ठळक सांगते. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं औषध कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि शिंपले चमकवायला लिंबू-व्हिनेगर वापरू नका. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आपल्या रांगोळीतल्या चुन्याच्या भुकटीचाच भाऊबंद. आंबट लागलं की फसफसून विरघळतो. लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेले माझे तिसऱ्यांचे शिंपले सकाळी बोटांत चुरले.

चमक हवी असेल तर शेवटी खोबरेल तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा. पण चिकटवायच्या बाजूला तेल लागू देऊ नका.

५. घरातलं काय लागेल

इथे यादी लांबवत नाही, तुमचा माळा तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे सगळ्यात कामाला आले ते हे: कंदी पेढ्यांचे पुठ्ठ्याचे बॉक्स, गोणपाट, टेलरकडच्या कापडाच्या चिंध्या (खण आळीत ओळखीचा टेलर असेल तर पिशवीभर मिळतात, खणाच्या कडा तर फारच देखण्या), करवंट्या, जुन्या राख्यांचे मणी आणि बांगड्या. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, असं आजी सांगायची. तर वाढवलेल्या बांगड्या. त्यांच्या धारा ओल्या दगडावर घासून घ्याव्या लागतात, नाहीतर दोरा कापला जातो.

लग्नपत्रिकांचा कागद जाड आणि छान असतो. त्याच्या लांब त्रिकोणी पट्ट्या कापून सुईभोवती गुंडाळल्या की मणी होतात. पण गणपतीचं चित्र असलेला भाग कापायला बऱ्याच घरांत चालत नाही. तो बाजूला काढून ठेवा, उगाच वाद नको.

करवंटीवरचे केस आधी कटरच्या पात्याने खरवडायचे, मग पॉलिश पेपर. कच्च्या खोबऱ्याचा कण आत राहिला तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग ठरलेली.

६. साहित्य आणि हत्यारं

• हाताने फिरवायचा छोटा ड्रिल, 1 आणि 1.5 मिलिमीटरची पाती. मोटरवाला नको, सुरुवातीला तरी.
• पॉलिश पेपर 120, 220 आणि 400 नंबर. प्रत्येकी दोन.
• बारीक कानस, पक्कड, कटर, जुने टूथब्रश.
• तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) किंवा मेण लावलेला दोरा. साधा शिवणाचा दोरा वर्षात तुटतो.
• फेविकॉल, अरल्डाइट (दोन नळ्या मिसळून लावायचं पक्कं चिकटवण). ग्लू गन असेल तर असू द्या, मुद्दाम घेऊ नका.
• मास्क आणि चष्मा.

मास्क वगळू नका. शिंपला घासताना उडणारी भुकटी पिठासारखी बारीक असते आणि फुप्फुसाला त्रास देते. म्हणून घासणं आणि भोक पाडणं नेहमी ओलं ठेवून करायचं. ताटलीत थोडं पाणी, त्यात शिंपला, मग काम. समुद्रफेस कोरताना मुलांनाही मास्क लावा.

७. भोक पाडणं

जिथे पाडायचं तिथे सेलोटेपचा तुकडा लावा, म्हणजे पातं घसरत नाही. शिंपला जुन्या चपलेच्या तळव्यावर किंवा रबरावर ठेवा. आतल्या, खोलगट बाजूने सुरुवात करा. दाब नको, फिरवत राहायचं. दर काही फेऱ्यांनी पाण्याचा थेंब. आरपार जायला आलं की आणखी हळू, शेवटच्या क्षणीच शिंपला फुटतो. काठापासून किमान अर्धा सेंटिमीटर आत.

पहिल्या दहातले चार फुटतील. माझे सात फुटले होते. तुकडे टाकू नका, फ्रेमला लागतात.

८. कशाला काय चिकटतं

फेविकॉल एक तरी बाजू सच्छिद्र असेल तिथेच: लाकूड, पुठ्ठा, कापड, गोणपाट. शिंपल्याला शिंपला किंवा काचेला शिंपला त्याने धरत नाही, आणि ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो. बाहेर लावायच्या वस्तूला वापरू नका.

अरल्डाइटच्या दोन नळ्या सारख्या मापाने घ्या, काडीने नीट ढवळा, लावा आणि रात्रभर हात लावू नका. प्रमाण चुकलं तर आठवड्यानेही चिकट राहतं. लावण्याआधी दोन्ही बाजू 120 च्या पेपरने खरखरीत करा. गुळगुळीत शिंपल्यावर कोणतंच चिकटवण टिकत नाही, आणि नवख्यांची निम्मी कामं इथेच सुटतात.

फेविक्विकने झटपट होतं खरं, पण आजूबाजूला पांढरा धुरकट डाग पडतो आणि बोटं चिकटतात. ग्लू गनचं काम घरात, सावलीत ठीक. पश्चिमेच्या खिडकीत लावलेली माझी माळ एप्रिलच्या उन्हात एकेक शिंपला सोडत गेली. दुपारी झोपेत टप्प टप्प आवाज यायचा, आम्हाला वाटायचं पालच.

९. पहिली वस्तू: खिडकीतला विंडचाइम

यात चिकटवण जवळजवळ लागत नाही, म्हणून सुरुवात याने.

लागेल: 30 सेंटिमीटरची वाळलेली काटकी, भोकं असलेले 35 शिंपले, तंगूस, आणि हवे तर बांगड्यांचे तुकडे, उंडीच्या बिया.

आधी आवाज बघा. दोन शिंपले एकमेकांवर हलके आपटा. ‘टण’ वाजला तो घ्यायचा. ‘फट’ असा बसका आवाज आला तर त्याला बारीक चीर आहे, वाऱ्यात फुटेल.

काटकीच्या दोन्ही टोकांना 3 सेंटिमीटर सोडा. मधल्या 24 सेंटिमीटरमध्ये दर 6 सेंटिमीटरवर एक, अशा पाच खुणा. प्रत्येक खुणेवर कानशीने उथळ खाच पाडा, दोरा सरकत नाही. प्रत्येक ओळीसाठी 80 सेंटिमीटर तंगूस कापा. लटकणारी लांबी 40 च होणार, पण गाठी दोरा खातात. मी हा हिशोब न करता कापलं होतं आणि पाचही ओळी वेगवेगळ्या लांबीच्या झाल्या, लोक म्हणाले छान आहे, मुद्दाम केलंस का. हो म्हटलं.

खालून सुरुवात करा. सगळ्यात जड शिंपला तळाला, त्याने ओळ ताठ राहते. भोकातून दोरा घालून दुहेरी गाठ. मग 5 सेंटिमीटर वर गाठ, तिच्यावर पुढचा शिंपला टेकेल असा. गाठ भोकापेक्षा मोठी झाली पाहिजे. नाही झाली तर गाठीवर आधी राखीतला एक मणी घाला, मग शिंपला. सात शिंपले झाले की वरचा दोरा काटकीच्या खाचेत तीन वेढे देऊन बांधा. गाठीवर अरल्डाइटचा बारीक ठिपका, कारण तंगूस गुळगुळीत असतो आणि गाठ आपोआप सुटते.

ओळी एकमेकींना लागल्या नाहीत तर वाजणार कशा? म्हणून शिंपले किमान अडीच-तीन इंच रुंद निवडा. लहानच असतील तर ओळींतलं अंतर 4 सेंटिमीटर करा.

शेवटी काटकीला दोन्ही टोकांना दोरी बांधून मधोमध धरा. एका बाजूला झुकली तर हलक्या बाजूला एखादी उंडीची बी वाढवा. या बियांना भोक पाडलं तर आतला तेलकट गर टोचून काढायला विसरू नका, त्याला खवट वास येतो.

१०. हात बसल्यावर

पुठ्ठ्यावर गोणपाट चिकटवून त्यावर फुटक्या शिंपल्यांची नक्षी केलेली फोटोफ्रेम एका संध्याकाळी होते. करवंटीचे दिवे करताना पणती आतमध्ये वाळूवर ठेवा (बांधकामावरची चालेल), थेट करवंटीत तेल-वात नको, पेटते. गौरींपुढची आरास मात्र आधी दोन आठवडे घ्या. मागच्या वर्षी आदल्या रात्री अरल्डाइट लावून बसले होते, गौरी आल्या तरी एक बाजू ओलीच.

विकायचा विचार असेल तर साहित्याचे नाही, तासांचे पैसे लावा. एका प्रदर्शनात मी विंडचाइम दीडशेला लावला, बाई म्हणाल्या, शिंपले तर फुकटचे. त्या विंडचाइमला अकरा तास लागले होते, भिजवण्याचे दिवस वेगळेच. दीडशे हीच माझी चूक होती, त्यांची नव्हे. स्टॉलवर एक अर्धवट भोक पडलेला शिंपला आणि हातड्रिल ठेवा, गिऱ्हाइकाला फिरवू द्या. पुढची घासाघीस कमी होते.

११. पावसाळ्यात

जूनचा पहिला पाऊस यवतेश्वराच्या बाजूने दिसायला लागला की सगळं उतरवा. टूथब्रशने धूळ झटका, ओल्या फडक्याने पुसा, दोन दिवस वाळवा, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवा. डब्यात कडुलिंबाची वाळलेली पानं टाका. डांबरगोळ्या नको, वास शिंपल्यात मुरतो. तंगूसची गाठ न् गाठ बघा, सैल वाटली की त्याच वेळी बांधा. घटस्थापनेच्या आधी घर झाडताना डबा काढायचा, आणि कुठे पांढरी भुकटी दिसली तर समजायचं, त्या शिंपल्याला पुन्हा बादलीत जायचंय.